चिंगीचं ड्राय फूड: पिशवीची मागची बाजू, वजनकाटा आणि बाकीच्या भानगडी

५ जानेवारी

घरात दोन पक्ष आहेत. एक म्हणतो हे सुके दाणे म्हणजे नुसता भुसा आणि केमिकल, मुक्या जनावराला रोज तेच ते काय. दुसरा म्हणतो पिशवीवर "संपूर्ण आणि संतुलित" असं छापलंय, विषय संपला. पिशवीची मागची बाजू दोघांपैकी कोणीच वाचलेली नाही. चिंगी म्हणजे आमची कुत्री, साडेचार वर्षांची, मिश्र जातीची, नसबंदी झालेली, आणि आज डॉक्टरांच्या काट्यावर १८ किलो भरली. डॉक्टर म्हणाल्या १५ च्या आसपास पाहिजे. बॉडी कंडिशन स्कोअर, म्हणजे अंग किती भरलंय त्याचे गुण, ९ पैकी ७ दिला, ४-५ म्हणजे बरोबर. बरगड्या हाताला लागत नाहीत, वरून बघितलं तर कंबर नावाला पण नाही.

घरी आल्यावर अर्थातच दोन्ही पक्षांनी आपापलं म्हणणं सिद्ध झाल्याचं जाहीर केलं.

तर आता नोंदी ठेवतेय. "ड्राय फूड चांगलं का वाईट" एवढाच प्रश्न धरून नेटवर बसलं तर रात्र जाते आणि हाती काही लागत नाही, म्हणून त्याचे तुकडे केलेत. आमच्या पिशवीत नक्की काय आहे, ते चिंगीच्या पोटात किती जातं, आम्ही ते ठेवतो कसं, आणि घरचं शिजवून घातलं तर खरंच जास्त चांगलं होतं का.

८ जानेवारी

लेबल. पिशवीवर प्रोटीन किमान २४ टक्के, फॅट किमान १२, फायबर जास्तीत जास्त ४, ओलावा जास्तीत जास्त १०. कार्बोहायड्रेट कुठेच लिहिलेलं नाही, बहुतेक पिशव्यांवर नसतंच, ते आपण काढायचं. सगळ्यांची बेरीज १०० मधून वजा करायची, पण त्यात राख म्हणजे खनिजं पण धरावी लागतात आणि ती आमच्या पिशवीवर नाहीत, ड्राय फूडमध्ये साधारण ५ ते ८ टक्के असतात म्हणून मी ७ धरली. २४ अधिक १२ अधिक ४ अधिक १० अधिक ७ म्हणजे ५७, उरले ४३. म्हणजे पिशवीतला सगळ्यात मोठा वाटा स्टार्चचा. हे बघून भुसा पक्षाला फार आनंद झाला.

पण थांबा. दाणे बनवायला स्टार्च लागतोच, त्याशिवाय दाणा दाणा म्हणून उभाच राहत नाही. पीठ वाफेवर भिजवून मशीनमधून दाबाखाली १०० अंशांच्या वर तापवून ढकलतात, बाहेर आलं की आतल्या पाण्याची वाफ होऊन ते फुगतं, मग वाळवतात आणि शेवटी वरून फॅट आणि चवीचा फवारा मारतात. या सगळ्यात स्टार्च नीट शिजतो आणि शिजलेला स्टार्च कुत्र्यांना पचतो. २०१३ मध्ये लांडगे आणि कुत्री यांच्या जीन्सची तुलना झाली होती, त्यात स्टार्च पचवणाऱ्या एन्झाइमच्या जीनच्या लांडग्यांकडे २ कॉपी आणि कुत्र्यांकडे ४ पासून ३० पर्यंत निघाल्या. त्यामुळे "कुत्रा म्हणजे घरातला लांडगा" हे वाक्य जाहिरातीपुरतं ठीक आहे.

तापवण्याची किंमत मात्र आहे. काही व्हिटॅमिन्स उष्णतेत जातात, म्हणून कंपन्या आधीच जास्तीची घालतात. लायसिन नावाचं अमिनो ॲसिड साखरेशी जोडलं जाऊन थोडं निकामी होतं. चांगली कंपनी हे धरून फॉर्म्युला बनवते. कोणती कंपनी ते धरते आणि कोणती नाही हे पिशवी बघून कळत नाही, आणि माझ्या मते ड्राय फूडबद्दलची खरी तक्रार हीच असायला पाहिजे.

१० जानेवारी

लेबलचा दुसरा भाग. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहितात, पण वजन शिजवायच्या आधीचं. "ताजं चिकन" पहिल्या नंबरवर आहे म्हणून आम्ही ही पिशवी घेतली होती. ताज्या चिकनमध्ये ७० टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, ते वाळल्यावर १०० ग्रॅमचे उरतात ३०. याउलट "चिकन मील" ऐकायला कसंतरी वाटतं पण ते आधीच वाळवलेलं असल्याने त्यात प्रोटीन कितीतरी जास्त. आणि मका, मक्याचं ग्लूटेन, मक्याचं पीठ असं एकाच धान्याचे तुकडे करून वेगवेगळं लिहिलं की प्रत्येकाचं वजन कमी दिसतं आणि चिकन आपोआप वर जाऊन बसतं. कायदेशीर आहे, चलाखी पण आहे.

बायप्रॉडक्ट म्हणजे पिसं आणि चोची असं आमच्याकडे ठाम मत होतं. व्याख्येनुसार पिसं त्यात धरत नाहीत, यकृत वगैरे आतले अवयव येतात, जे कुत्रा शिकार करून खाईल तेव्हा सगळ्यात आधी खाईल.

मग शेजारी डबाबंद ओलं फूड ठेवून तुलना केली. त्यावर प्रोटीन ८ टक्के. नवरा म्हणाला बघ, ड्रायमध्ये तिप्पट आहे. तशी तुलना करायचीच नसते, पाणी काढून करायची. ओल्यात ७८ टक्के पाणी, म्हणजे कोरडा भाग २२, ८ भागिले २२ म्हणजे ३६ टक्के. ड्रायमध्ये २४ भागिले ९० म्हणजे जवळपास २७. चित्र उलटं झालं. पण ओल्या डब्यात १०० ग्रॅमला कॅलरी फार कमी, म्हणजे पोट भरायला डबे किती लागतील आणि खर्च कुठे जाईल ते आम्ही तिथेच हिशोब करून सोडून दिलं.

आता किमान किती पाहिजे. ॲफ्को म्हणजे अमेरिकेतल्या पशुखाद्य नियंत्रण अधिकाऱ्यांची संघटना, तिच्या तक्त्यात पूर्ण वाढ झालेल्या कुत्र्याला कोरड्या वजनावर प्रोटीन १८ टक्के आणि फॅट साडेपाच, पिल्लांना आणि गाभण किंवा पाजणाऱ्या कुत्रीला साडेबावीस आणि साडेआठ. युरोपात फेडियाफचे, म्हणजे तिथल्या पेट फूड उत्पादकांच्या संघटनेचे आकडे वापरतात. आमची पिशवी आरामात वर आहे. पण ॲफ्को स्वतः काही तपासत नाही आणि मंजुरी पण देत नाही, ती फक्त निकष ठरवते. पिशवीवरचं बारीक अक्षरातलं वाक्य दोन प्रकारचं असतं: एक, "निकषांनुसार फॉर्म्युला बनवला आहे", म्हणजे कागदावर किंवा लॅबमध्ये आकडे जुळवले. दोन, "प्राण्यांना खाऊ घालून चाचणी केली आहे". ही चाचणी ऐकायला भारी वाटते, पण पूर्ण वाढ झालेल्या कुत्र्यांसाठी ती म्हणजे किमान ८ कुत्री, २६ आठवडे, त्यातली ६ शेवटपर्यंत टिकली पाहिजेत, वजन आणि रक्ताचे थोडे आकडे ठीक पाहिजेत. अर्ध्या वर्षात काही बिघडलं नाही एवढंच त्यातून कळतं. बारा वर्षं रोज खाऊन काय होईल ते नाही. तरीपण नुसत्या कागदापेक्षा बरंच.

१४ जानेवारी

आजचा दिवस वजनकाट्याचा, आणि या सगळ्या प्रकल्पातला सगळ्यात कामाचा.

आम्ही पिशवीबरोबर आलेल्या कपाने देतो, सकाळी दीड आणि संध्याकाळी दीड. घरातल्या प्रत्येकाला सांगितलं, नेहमीसारखा कप भर. मी सपाट भरला तर १०४ ग्रॅम. नवऱ्याने शीग लावून भरला तर १२४. लेकीने कप पिशवीत खुपसून हलवून दाबून काढला तो याच्याही वर. म्हणजे "तीन कप" हे कोणाच्या हातावर ३१२ ग्रॅम आणि कोणाच्या हातावर ३७० च्या पुढे.

पिशवीवर १०० ग्रॅमला ३४० कॅलरी लिहिल्यात. माझा पडताळा: ग्रॅममागे प्रोटीनला साडेतीन, फॅटला साडेआठ, कार्बला साडेतीन कॅलरी हे गुणक लावून ८४ अधिक १०२ अधिक १५० म्हणजे ३३६, जुळतंय. तर पोटात जातायत साधारण १०६० ते १२६० कॅलरी, वर दोन चघळायच्या काड्या, प्रत्येकी ७५ ची.

लागतात किती? सूत्र असं की वजनाचा पाऊण घात गुणिले ७०. साध्या कॅल्क्युलेटरवर पाऊण घात येत नाही म्हणून युक्ती: वजन तीनदा गुणायचं आणि मग वर्गमूळाचं बटण दोनदा दाबायचं. १५ गुणिले १५ गुणिले १५ म्हणजे ३३७५, एकदा वर्गमूळ ५८, परत वर्गमूळ ७.६२, गुणिले ७० म्हणजे ५३३. ही पडून राहायला लागणारी ऊर्जा. नसबंदी झालेल्या, पूर्ण वाढ झालेल्या कुत्र्याला याच्या १.६ पट, म्हणजे १५ किलोच्या चिंगीला ८५० च्या आसपास. तिला मिळत होतं त्याच्या दीडपट.

पिशवीवरचा तक्ता बघितला तर १५ ते २० किलोला २६० ते ३२० ग्रॅम. तक्ता सगळ्या कुत्र्यांसाठी असतो, दिवसभर पळणाऱ्या आणि नसबंदी न झालेल्या पण, त्यामुळे सोफ्यावरच्या कुत्र्याला तो जास्तच पडतो. आणि आम्ही त्याच्याही वर होतो.

इथे मला एक जुना प्रयोग फार पटला. ४८ लॅब्राडॉर, जोड्या लावलेल्या, एकाला जितकं मिळेल त्याच्या २५ टक्के कमी दुसऱ्याला, पिल्लू असल्यापासून मरेपर्यंत. निकाल २००२ मध्ये छापून आला. कमी खाणारी कुत्री, मध्यक म्हणजे रांगेत मधोमध येणारं वय काढलं तर, १.८ वर्षं जास्त जगली आणि सांधेदुखीचे उपचार त्यांना उशिरा लागले. दोन्ही गटांचं खाणं एकच, ड्राय. प्रयोग एका डॉग फूड कंपनीचाच होता, म्हणजे कमी घाला असं निघून त्यांचा काही फायदा नव्हता, म्हणून मला तो जास्त विश्वासाचा वाटतो.

१६ जानेवारी

डॉक्टरांना आकडे दाखवले. मी म्हटलं आहे तेच फूड अर्धं करते. त्या म्हणाल्या, "तसं करू नका, कॅलरी अर्ध्या केल्या की प्रोटीन, व्हिटॅमिन, खनिजं पण अर्धी होतात, पिशवीचा हिशोब पूर्ण खुराकावर केलेला असतो." वेट कंट्रोलचं फूड सांगितलं: प्रोटीन ३०, फॅट ८, फायबर ९, १०० ग्रॅमला ३०० कॅलरी. १००० कॅलरीमागे प्रोटीन बघितलं तर जुन्यात ७० ग्रॅम आणि यात १००, म्हणजे कमी खाऊनही प्रोटीन पुरतं. सुरुवात ६४० कॅलरीने, रोज २१५ ग्रॅम, आठवड्याला वजनाच्या १ ते २ टक्के उतरलं पाहिजे, त्याहून वेगाने नको.

खर्च: नवी पिशवी किलोमागे दीडपट महाग, नवऱ्याचा चेहरा पडला. पण आधी रोज ३७० ग्रॅम जात होते आता २१५, म्हणजे दीडपट भाव धरूनही महिन्याचा खर्च थोडा कमीच येतोय. हा हिशोब दुकानात उभं राहून सुचत नाही.

२५ जानेवारी

बदल करताना वाया गेलेले दिवस. पाव नवीन, मग अर्धं, मग पाऊण असं ७ ते १० दिवसांत करायचं सांगितलं होतं, पण घाई झाली आणि चौथ्या दिवशीच पाऊणवर गेलो. शी पातळ. परत पाववर आणून हळूहळू चढवलं. फायबर जास्त असल्याने शी संख्येने आणि आकाराने वाढलीय, हे कायमचं आहे असं दिसतंय, पिशव्या जास्त घेऊन फिरा.

२९ जानेवारी

फुगण्याचा प्रयोग. नेटवर सगळीकडे तो व्हिडिओ फिरतो ना, दाणे पाण्यात टाकले की टम्म फुगतात, असेच पोटात फुगतात आणि पोट पीळ पडून कुत्रा मरतो. केला. वाटीत दाणे, वर कोमट पाणी. फुगले, चांगले दुप्पट झाले. पण पोट म्हणजे वाटी नाही, तिथे ॲसिड आहे, पोट सारखं घुसळतं आणि पुढे ढकलतं. पोटाला पीळ पडण्याचा धोका ज्यांना जास्त ती कुत्री ठरलेली आहेत: मोठ्या जातीची, खोल छातीची, घरात आधी कोणाला झालेलं, भराभर गिळणारी, दिवसातून एकदाच भरपूर खाणारी. उंच स्टँडवर ठेवलेलं भांडं पण एका मोठ्या अभ्यासात धोका वाढवणारं निघालं, जे लोक काळजीपोटी मुद्दाम विकत घेतात. चिंगी यात बसत नाही, फक्त गिळते मात्र व्हॅक्यूम क्लीनरसारखी, त्यासाठी खाचा असलेलं भांडं आणलं. आता जेवण दहाबारा मिनिटं चालतं.

प्रयोगातून एक चांगलं निघालं. दाण्यात पाणी जेमतेम १० टक्के असतं म्हणून अशी कुत्री पाणी भरपूर पितात, आणि भिजवून दिलं तर तेवढंच पाणी आपोआप पोटात जातं, वर भांडं भरलेलं दिसल्यावर तिला पण बरं वाटतं. भिजवलेलं तास-दोन तासांच्या वर पडू द्यायचं नाही, टाकून द्यायचं.

९ फेब्रुवारी

साठवण. जुन्या पिशवीतले उरलेले दाणे शेजारच्या कुत्र्याला द्यावेत म्हणून डबा काढला तर तळाशी खवट वास. आम्ही मोठी पिशवी आणून प्लास्टिकच्या डब्यात ओतायचो, संपत आलं की वरून नवीन. डब्याच्या भिंतींना तेलाचा थर बसलेला, तो कधीच धुतला नव्हता. वर सांगितलं ना शेवटी फॅटचा फवारा मारतात, तर हवा लागून आधी खराब होतं ते तेच. पिशवीत ते टिकवायला टोकोफेरॉल म्हणजे व्हिटॅमिन ई चा प्रकार किंवा बीएचए-बीएचटी ही कृत्रिम रसायनं घालतात. "नैसर्गिक प्रिझर्व्हेटिव्ह" हवं असेल तर जरूर घ्या, पण ते कमी टिकतं, मग वर्षभराची पिशवी घेऊन उपयोग नाही. "केमिकल नको" म्हणणाऱ्यांना मी हा डबा हुंगायला दिला.

आता नियम: लहान पिशवी, साधारण ६ आठवड्यांत संपेल एवढीच. पिशवी तशीच डब्यात ठेवायची, हवा दाबून काढून तोंड गुंडाळून क्लिप लावायची. २७ अंशांच्या खाली, गॅसजवळ नाही, ओल्या जागी नाही. डबा दोन पिशव्यांच्या मध्ये धुवून खडखडीत वाळवायचा. पिशवी ठेवायचं दुसरं कारण बॅच नंबर. २०२० च्या शेवटी अमेरिकेत एका ड्राय फूडमध्ये अफ्लाटॉक्सिन निघालं, धान्यावरच्या बुरशीचं विष, शंभरावर कुत्री गेल्याच्या तक्रारी होत्या. परत मागवलेल्या मालात आपली पिशवी आहे का हे डब्यात ओतल्यावर कळणार कसं? आणि हो, दाण्यांना हात लावला की हात धुवा, २०१२ मध्ये अशाच दाण्यांतून ४९ माणसांना साल्मोनेला या पोट बिघडवणाऱ्या जंतूचा संसर्ग झाला होता, लहान मुलं असतील तर जास्त जपा.

धुळीतले किडे म्हणजे स्टोरेज माइट्स भिंगाने शोधायचा प्रयत्न फुकट गेला, ते अर्ध्या मिलिमीटरच्याही आत असतात, घरच्या भिंगातून धूळ धूळच दिसते. वेळ घालवू नका.

२२ फेब्रुवारी

घरचं जेवण. सासूबाईंच्या आग्रहाखातर, आणि मला पण उत्सुकता होतीच. ३०० ग्रॅम उकडलेलं चिकन कातडी काढून, २७० ग्रॅम शिजलेला भात, ५० ग्रॅम गाजर. कॅलरी ८६० च्या आसपास, म्हणजे १५ किलोच्या चिंगीसाठी काढलेल्या ८५० च्या हिशोबाने एका दिवसाचं. चिंगीने भांडं इतकं चाटलं की भांडं सरकत सरकत हॉलमध्ये गेलं. सासूबाई म्हणाल्या, "बघितलंस? याला म्हणतात जेवण."

मग मी कॅल्शियमची बेरीज केली. चिकनमधून ४५ मिलिग्रॅम, भातातून २७, गाजरातून १६. एकूण ९० च्या आत. ॲफ्कोच्या तक्त्यात १००० कॅलरीमागे किमान १.२५ ग्रॅम, म्हणजे एवढ्या जेवणात १००० मिलिग्रॅमच्या वर पाहिजे. आम्ही दहावा हिस्सा पण देत नव्हतो. वर फॉस्फरस चिकनमध्ये भरपूर, म्हणजे प्रमाण पण उलटं, कॅल्शियम फॉस्फरसच्या किमान बरोबरीने तरी पाहिजे. असं महिनोन् महिने चाललं तर शरीर हाडातून कॅल्शियम काढायला लागतं, पिल्लांमध्ये तर फारच लवकर.

अंड्याच्या टरफलाची बारीक पूड करून घातली, अडीच ग्रॅम पुडीत साधारण ९५० मिलिग्रॅम कॅल्शियम येतं. एक भोक बुजलं. मग झिंक, मग आयोडीन, मग तांबं, मग व्हिटॅमिन डी आणि ई. प्रत्येकासाठी तक्ता, प्रत्येकासाठी वेगळी भर, आणि एक जास्त झालं की दुसरं शोषलं जात नाही. २०१३ मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिसच्या लोकांनी पुस्तकं आणि वेबसाइटवरच्या २०० रेसिपी तपासल्या होत्या, त्यातल्या ९५ टक्क्यांत निदान एक तरी आवश्यक घटक कमी निघाला. मला हे वाचून आधी अतिशयोक्ती वाटली होती, माझ्या गाजराच्या बेरजेनंतर नाही वाटली.

घरचं वाईट असतं असं मी म्हणत नाहीये. पशुआहारतज्ज्ञाकडून त्या कुत्र्यासाठी रेसिपी बनवून घेतली, त्यांनी सांगितलेलं सप्लिमेंट रोज न चुकता घातलं तर उत्तम चालतं. आमच्याकडे रविवारचा अर्धा दिवस शिजवण्यात, फ्रीजर पूर्ण भरलेला, खर्च दाण्यांच्या कितीतरी वर, आणि भरवसा काहीच नाही. बंद केलं. चिकनचा तुकडा आता वरखाऊ म्हणून, दिवसाच्या कॅलरीच्या १० टक्क्यांच्या आत, त्याला संतुलनाची फिकीर लागत नाही. सासूबाईंना बेरजेचा कागद दाखवला, त्यांनी चष्मा लावून वाचला आणि म्हणाल्या, "मग माणसांचं कोण मोजतं?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. माणूस रोज वेगवेगळं खातो म्हणून निभतं, एवढंच.

८ मार्च

वजन १६.७. वरून कंबरेचा थोडा आकार दिसायला लागलाय.

एका ओळखीच्यांनी धान्य नसलेलं फूड घ्या म्हणून सांगितलं, धान्याने खाज सुटते म्हणे. चिंगीला खाज नाही. आणि ज्यांना खाण्याची ॲलर्जी असते त्यांच्यात गोमांस, दूध, चिकन हे जास्त वेळा सापडतं, गहू त्यांच्या खाली, आणि ते पण निदान ८ आठवडे काटेकोर वेगळं खाणं देऊन तपासावं लागतं, अंदाजाने नाही. धान्य काढलं की त्या जागी वाटाणे, मसूर, बटाटा येतो, म्हणजे स्टार्च आहेच. जुलै २०१८ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न आणि औषध प्रशासनाने, अशा फूडचा आणि हृदय मोठं होऊन कमजोर पडण्याच्या आजाराचा संबंध आहे का म्हणून चौकशी जाहीर केली, एप्रिल २०१९ पर्यंत ५०० वर तक्रारी आल्या, ९० टक्क्यांवर फूड धान्य नसलेलं होतं. कारण मात्र आजवर पक्कं सिद्ध झालेलं नाही, २०२२ च्या डिसेंबरमध्ये त्यांनी ठोस नवीन काही मिळेपर्यंत सांगण्यासारखं नाही म्हणून टाकलं. सिद्ध झालं नसलं तरी ज्याचा फायदा दिसत नाही त्यासाठी तेवढी शंका मी का अंगावर घेऊ. विषय बंद.

१९ मार्च

दोन कंपन्यांना ईमेल केले होते. प्रश्न साधे, पशुवैद्यांच्या जागतिक संघटनेच्या मार्गदर्शक यादीतून घेतलेले: फॉर्म्युला कोण बनवतं आणि त्यांचं शिक्षण काय, फूड स्वतःच्या कारखान्यात बनतं का, तयार मालाची तपासणी काय होते, पूर्ण पोषक तक्ता मिळेल का. जुन्या फूडवाल्यांकडून रंगीत पत्रक आलं ज्यात एक कुत्रा डोंगरावर उभा आहे. परत विचारलं, परत तेच पत्रक. नव्या फूडवाल्यांनी अकरा दिवसांनी तक्ता पाठवला, कॅल्शियम, फॉस्फरस, झिंक सगळं १००० कॅलरीमागे, आणि फॉर्म्युला बनवणाऱ्या तज्ज्ञांची पात्रता. पुढच्या पिशवीचा निर्णय मी यावर घेतला, पुढच्या बाजूच्या फोटोवर नाही.

२ एप्रिल

दात. कोरडे दाणे चावून दात साफ राहतात असं मला कायम सांगितलं गेलं होतं. डॉक्टरांनी ओठ वर करून मागच्या दाढा दाखवल्या, पिवळं तपकिरी किटण, हिरडीची कड लाल. साधा दाणा दात टेकला की फुटतो, घासला जातच नाही, आणि चिंगी तर निम्मे न चावताच गिळते. दातांसाठीचे खास दाणे मोठे आणि दात आत रुतेल असे बनवलेले असतात, त्यांच्यावर पशुवैद्यकीय दंत परिषदेचा शिक्का असेल तर थोडा फरक पडतो. बाकी ब्रशच. कुत्र्यांची पेस्ट, माणसांची नाही, त्यात फ्लोराइड असतं आणि काहींत गोडीसाठी झायलिटॉल, जे कुत्र्यांना विष आहे. सध्या बोटाला कापड गुंडाळून सुरुवात, ती बोट चाटते एवढीच प्रगती.

२० एप्रिल

वजन अडकलं. १६.४ वर सलग तीन आठवडे. मी दाणे ग्रॅमवर मोजतेय, भांडं तेच, फिरणं तेच. डॉक्टरांना फोन करून आणखी कमी करू का विचारलं, त्या म्हणाल्या आधी घरात विचारा.

घरात विचारलं. सगळे मला बघून खिडकीबाहेर बघायला लागले. शेवटी लेकीने सांगितलं की चघळायची काडी "रोजची एकच" प्रत्येकजण वेगवेगळी देतोय. "अगं, एवढीशी तर असते," सासूबाई म्हणाल्या. एक काडी ७५, तीन माणसं, २२५ कॅलरी, ६४० च्या वर तिसरा हिस्सा. मी म्हटलं, "आई, ती एवढीशी काडी म्हणजे तिच्या जेवणातले ७५ ग्रॅम दाणे आहेत सगळ्यांच्या मिळून." त्या म्हणाल्या मग दाणेच काडी म्हणून देऊ का?

आणि तेच केलं. सकाळी २१५ ग्रॅम मोजून काढायचे, त्यातले ४० एका बरणीत, ज्याला लाड करायचेत त्याने त्या बरणीतूनच द्यायचं, संपली की संपली. चिंगीला काही फरक पडत नाही, तिला हातातून मिळाल्याशी मतलब.

१८ मे

१५.७. रक्ततपासणीत लिव्हर, किडनी, प्रोटीन सगळं मर्यादेत. डॉक्टरांनी १५ च्या जवळ आल्यावर रोजचे ग्रॅम थोडे वाढवून वजन स्थिर ठेवायला सांगितलंय, १० ग्रॅमने वाढवायचं आणि दोन आठवडे काटा बघायचा, सूत्र फक्त सुरुवातीला, खरं उत्तर काट्यावर. हवा दमट झाल्यापासून पिशवी आणखी लहान आणतेय, किलोमागे महाग पडते पण तळाचे दाणे टाकावे लागत नाहीत.

पिल्लू असणाऱ्यांनी वरचे आकडे उचलू नका, मोठ्या जातीच्या पिल्लांना तर कॅल्शियम जास्त झालेलं पण चालत नाही, त्यांच्या पिशवीवर मोठ्या जातीच्या वाढीसाठी असं स्पष्ट लिहिलेलं बघा. किडनी, स्वादुपिंड किंवा खड्यांचा त्रास असलेल्या कुत्र्यांचा हिशोब पूर्ण वेगळा. बरणीतल्या ४० ग्रॅमपैकी आज संध्याकाळी ५ शिल्लक होते, ते कोणाला द्यायचे यावरून आत्ता भांडण चालू आहे.